दहा लाखांची लाच आणि तीन हुकूम

फोन टॅपिंगचं हे प्रकरण शिकवायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, पण त्यानं लाच दिली होती का?" दादरला शनिवारी संध्याकाळी कायद्याच्या आठ-दहा मुलांना मी जमेल तसं शिकवतो. एकही तुकडी अशी गेली नाही की हा प्रश्न आला नाही. उत्तर असं, की उच्च न्यायालयाच्या निकालात त्याचं उत्तर नाही. न्यायमूर्तींनी त्या प्रश्नाला हातच लावलेला नाही. मुलं जरा हिरमुसतात. सिनेमा मध्यंतरातच संपल्यासारखं वाटतं त्यांना.

प्रकरण मुंबईतल्या एका व्यावसायिकाचं. त्याचं नाव निकालाच्या मथळ्यावर आहे, इथे त्याची गरज नाही. सीबीआयचा आरोप असा, की एका सरकारी बँकेतलं कर्जाचं काम मार्गी लावण्यासाठी त्याने तिथल्या अधिकाऱ्याला दहा लाख रुपये दिले. गुन्हा नोंदवला गेला एप्रिल 2011 मध्ये. पण त्याच्या फोनला कान लागले होते त्याच्या दीड वर्ष आधीच. केंद्रीय गृह मंत्रालयाने तीन हुकूम काढले होते : 29 ऑक्टोबर 2009, 18 डिसेंबर 2009 आणि 24 फेब्रुवारी 2010. या हुकमांच्या जोरावर संभाषणं टिपली गेली, आणि तीच पुढे खटल्यात पुरावा म्हणून आली.

त्याने मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल दिला. तिन्ही हुकूम रद्द. टिपलेल्या संभाषणांच्या प्रती नष्ट करा. खटला चालवणाऱ्या न्यायालयाने ती संभाषणं विचारात घ्यायची नाहीत. खटला मात्र रद्द झाला नाही. उरलेल्या पुराव्यावर तो चालू द्यावा, असं खंडपीठाने म्हटलं. पहिल्या हुकमापासून या निकालापर्यंत दहा वर्षांना सातच दिवस कमी पडले.

बाहेरचं दार, आतलं दार

हुकूम निघाले ते 1885 च्या भारतीय तार अधिनियमाखाली. राणीच्या राज्यातला कायदा, तारेच्या कडकट्टासाठी केलेला, आणि तोच मोबाईलला लावलेला. त्याचं कलम 5(2) मी मुलांना दोन दारांच्या घरासारखं समजावतो. बाहेरचं दार उघडायला दोनपैकी एक किल्ली लागते : सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असावी, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असावी. ते दार उघडलं तरच आतल्या दाराशी जायचं. तिथे पाच कारणं आहेत. देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला मिळणारी चिथावणी रोखणं. यांपैकी एक तरी कारण हवं, आणि ते लेखी हवं.

सरकारी बाजूची सवय अशी, की बाहेरचं दार ढकललंय न ढकललंय तोच आतल्या दाराशी जाऊन उभं राहायचं. "गुन्हा रोखायचा होता, साहेब." मग कुठलाही गुन्हा चालतो. गुन्हा रोखण्यासाठी म्हटलं की अख्खी दंडसंहिताच आत शिरते.

1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर याच सवयीला लगाम घातला होता. राजकारण्यांचे फोन ऐकले गेल्याचा बभ्रा त्यामागे होता. त्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. न्यायालय म्हणालं, की आणीबाणी काय किंवा सार्वजनिक सुरक्षितता काय, या गुपचूप असणाऱ्या गोष्टी नव्हेत. तशी परिस्थिती असेल तर ती चार शहाण्या माणसांना उघड दिसते. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे लोकांना, सर्वसामान्य जनतेला, धोका नसणं. बॉम्बस्फोटाची कुणकुण लागली तर ती सुरक्षितता धोक्यात आहे हे रस्त्यावरच्या माणसालाही पटवता येतं. तसं पटवता येत नसेल तर किल्ली लागत नाही.

मुंबईच्या प्रकरणातले तिन्ही हुकूम 'सार्वजनिक सुरक्षितता' याच शब्दांवर उभे होते. खंडपीठाने विचारलं ते अगदी साधं : यात जनता कुठे आहे? हुकमात तसं काही दिसत नव्हतं. म्हणून न्यायमूर्तींनी सरकारी बाजूची प्रतिज्ञापत्रं पाहिली, दोषारोपपत्र पाहिलं. दहा वर्षांनंतरसुद्धा, म्हणजे कारण जुळवायला भरपूर अवधी मिळूनसुद्धा, जनतेला कोणता धोका होता ते सरकारी बाजूला दाखवता आलं नाही. एक कर्जप्रकरण, एक बँक अधिकारी, एक व्यावसायिक. बाहेरचं दार उघडलंच नव्हतं.

शब्द छापील असले की माणूस ते वाचत नाही, फक्त सही करतो. सोसायटीच्या 'ना हरकत' पत्रावर करतो तशी. हे हुकूम तसेच झाले असावेत असा माझा कयास आहे. न्यायालयाने असं म्हटलेलं नाही, हे माझं मत.

सीबीआयचं म्हणणं कमकुवत नव्हतं

इथे मी मुलांना थांबवतो, कारण सगळी पोरं एव्हाना व्यावसायिकाच्या बाजूला गेलेली असतात.

लाच पकडण्याची जुनी रीत म्हणजे सापळा. तक्रारदार येतो, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात, पंचांसमोर पैसे दिले जातात. मग घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. ती गुलाबी बाटली सीलबंद होऊन कोर्टात येते. मी ती कितीदा तरी पाहिली आहे, वर्षानुवर्षं मुद्देमालाच्या कपाटात राहून फिकी पडलेली. पण या सगळ्याला एक तक्रारदार लागतो. देणाऱ्याचंही काम झालं आणि घेणाऱ्याचंही भागलं, तर तक्रार करणार कोण? बँकेच्या मोठ्या कर्जातली लाच ही अशीच, दोन्ही बाजू राजीखुशीची. बुडतो तो ठेवीदार, आणि त्याला पत्ताच नसतो. तपास अधिकाऱ्याला फोनवर कान लावण्याचा मोह होतो तो इथे. तो मोह मला समजतो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला म्हणून तो आपोआप बाद होत नाही, ही आपल्याकडची जुनी भूमिका. आणि ती ज्या निकालांवर उभी आहे त्यातला एक तर याच शहरातला. 1964 मध्ये मुंबईच्या कोरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, आरोप झाला, की एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत त्याने डॉक्टरकडे पैसे मागितले. लाचलुचपतवाल्या पोलिसांनी डॉक्टरच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टिपलं. 1972 मध्ये, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती टेप ग्राह्य धरली. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यातही 2005 मध्ये फोन टॅपिंगच्या कार्यपद्धतीतल्या त्रुटींमुळे पुरावा बाद होत नाही असंच ठरलं.

तर मग 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट कशी धरली?

मलकानी प्रकरणातला डॉक्टर स्वतः तयार होता. दोघांपैकी एकाच्या संमतीने झालेलं ते ध्वनिमुद्रण होतं, एका अर्थी फोनवर लावलेला सापळाच. आपल्या प्रकरणात दोन्ही टोकांना कुणालाच खबर नव्हती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 1972 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं कुणी ठामपणे म्हणू शकत नव्हतं. 1954 आणि 1962 चे मोठ्या पीठांचे दोन निकाल आडवे होते. ते दूर झाले 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला तेव्हा. खासगीपणात राज्याला हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानाने उपाय बेताचा हवा, अशी ती मोजपट्टी. मुंबईच्या खंडपीठाने तिन्ही हुकूम त्या पट्टीला लावले आणि ते उतरले नाहीत.

मग आला निकालातला सगळ्यात कडक भाग. हेतू चांगला म्हणून मार्ग कसाही चालेल असं आम्ही म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि सक्तीचे नियम मोडून नागरिकांविरुद्ध पुरावा गोळा करायला सरकारी यंत्रणांना मोकळीक दिल्यासारखं होईल, अशा अर्थाचं खंडपीठ बोललं. म्हणून नुसते हुकूम रद्द करून ते थांबलं नाही. माझ्या मते निकालाचा खरा दात इथेच आहे. हुकूम बेकायदा ठरला पण सीडी कोर्टात वाजली, तर त्या बेकायदेशीरपणाची किंमत यंत्रणेला काय पडली? शून्य. प्रती नष्ट करायला लावल्या, की पुढच्या वेळी कागद नीट भरावासा वाटतो.

दोन सेकंद

1996 च्या निकालात पीयूसीएलने मागितलं होतं की टॅपिंगआधी न्यायाधीशाची परवानगी असावी. सर्वोच्च न्यायालयाने ते दिलं नाही, कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून. त्याऐवजी आढावा समिती आली. पुढे तार नियमांत 419-अ हा नियम त्यासाठी घातला गेला. हुकूम गृहसचिवाने काढायचा, तो साठ दिवस चालणार, वाढवला तरी एकशे ऐंशीच्या पुढे नाही, आणि केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव यांच्या अध्यक्षतेखालची समिती निदान दोन महिन्यांतून एकदा बसून हे हुकूम तपासणार. म्हणजे एका सचिवाच्या सहीची तपासणी दुसरा सचिव करणार. आमच्याकडे याला घरचाच पंच म्हणतात. आपल्या प्रकरणातले हुकूम या समितीपुढे गेले का, हाही याचिकेतला एक मुद्दा होता.

समजा गेले असते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईकरांना 1992-93 च्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे ठाऊक असलेले, यांच्या समितीने 2018 मध्ये डेटा संरक्षणावर अहवाल दिला. त्यात या आढावा समितीच्या एकेका बैठकीपुढे 15,000 ते 18,000 हुकूम असतात, आणि हे काम अवास्तव आहे, अशी नोंद आहे. मी मुलांना फळ्यावर गणित मांडायला लावतो. समिती आठ तास बसली, चहासुद्धा घेतला नाही. आठ तासांचे 28,800 सेकंद. भागिले 15,000. एका हुकमाला दोन सेकंदही पुरते येत नाहीत. एका मुलीने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे दोन शब्द मोठ्याने वाचून पाहिले. वाचून संपेपर्यंत पुढचा हुकूम आला होता.

ज्याला कळलं त्याला न्याय मिळाला

या प्रकरणात मला खुपतं ते वेगळंच.

त्या व्यावसायिकाला आपला फोन ऐकला गेला हे कळलं कसं? त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. पुरावा आरोपीला द्यावाच लागतो, त्यातून तीन तारखा बाहेर आल्या आणि त्यांना आव्हान देता आलं. समजा सहा महिने फोन ऐकून काहीच हाती लागलं नसतं, माणूस धुतल्या तांदळासारखा निघाला असता, तर? तर त्याला कुणीही, कधीही, काहीही सांगितलं नसतं. मोबाईल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे हे हुकूम हाताळायला नेमलेल्या माणसाने, गुप्तता पाळायची असते. हुकूम गोपनीय. नोंदी ठरल्या मुदतीत नष्ट करायच्या. "तुमचा फोन अमुक काळात ऐकला होता, आता बंद केला" असं पत्र पाठवण्याची सोय आपल्या कायद्यात कुठेच नाही. माहितीच्या अधिकारातही ते मिळत नाही. डिसेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती माहिती देण्यातून सूट असल्याचं म्हटलं.

म्हणजे खासगीपणाचा हक्क मिळवायचा तर आधी आरोपी व्हावं लागतं. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडलं नाही, त्याची तक्रार सगळ्यात रास्त, आणि नेमकी त्याच्याच हातात तक्रारीला कागद नाही. निकाल वाचताना हे डोक्यातून जात नाही. खंडपीठाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे एकच माणूस आला होता, त्याचा निवाडा त्यांनी केला.

पुढे काय झालं ते थोडक्यात. 1885 चा कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार अधिनियम आला. कलम 20(2) मध्ये सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता हेच शब्द पुन्हा बसले आहेत. 6 डिसेंबर 2024 ला नवे नियम आले, समिती सचिवांचीच राहिली. लाचेसाठी फोन टॅप करता येतो का, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. 2025 च्या जूनअखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या एका खटल्यात टॅपिंग उचलून धरलं, मोठ्या आर्थिक गुन्ह्याने सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येते असं मानून. आठवडा उलटायच्या आत, 2 जुलैला, मद्रास उच्च न्यायालयाने उलटं ठरवलं, तेही पन्नास लाखांच्या लाचेच्या प्रकरणात. मुंबईतले वकील सध्या मद्रास हातात घेऊन उभे राहतात, सरकारी वकील दिल्ली. मला विचाराल तर दिल्लीच्या तर्कात बाहेरचं दार उरतच नाही. रक्कम मोठी झाली की आपोआप जनता धोक्यात, असं धरलं तर आकडा किती हवा हे ठरवणार पुन्हा तोच सही करणारा.

फोनचं दुसरं टोक

मुलांना शेवटी मी माझ्याकडच्या एका वेगळ्या केसबद्दल सांगतो. ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

अशील एका छोट्या पेढीतला कारकून, पैशांच्या गुन्ह्यात चौथा आरोपी. दोषारोपपत्राबरोबर ट्रान्सक्रिप्ट आलं, म्हणजे टिपलेल्या बोलण्याची टंकलेली प्रत. गुन्ह्याशी संबंध असलेलं बोलणं जेमतेम सात पानांचं. बाकी सीडीत सगळं काही. डाव्या बाजूला 'अ', उजव्या बाजूला 'ब', मध्ये मध्ये कंसात 'अस्पष्ट' आणि 'हसण्याचा आवाज'. एका फोनमध्ये 'ब' म्हणजे त्याची थोरली बहीण. नवऱ्याची नोकरी गेली होती, ते सासरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मंगळसूत्र गहाण ठेवून मुलाची फी भरली, आता लग्नाला जायचंय तर गळ्यात काय घालू, असं ती भावाला विचारत होती. भाऊ म्हणतो, एक ग्रॅमवालं घाल, कुणाला कळतंय. तिथे कंसात 'हसण्याचा आवाज'. हे बोलणं कुणीतरी हेडफोन लावून ऐकलं होतं आणि 'हसणं' हा शब्द टंकला होता. कुणाचं हसणं ते मात्र लिहिलं नव्हतं.

एका तारखेला ती बहीण सत्र न्यायालयात आली होती, भावाचा डबा घेऊन. काळा घोड्याच्या त्या इमारतीत लिफ्टची रांग मोठी असते, म्हणून आम्ही जिन्यातच कागद चाळत उभे होतो. तिने ते पान पाहिलं. आधी तिला कळलंच नाही, मग स्वतःचं वाक्य ओळखू आलं.

"वकीलसाहेब, हे माझं बोलणं आहे."

"हो ताई."

"हे किती जणांनी वाचलंय?"

मी मोजायला लागलो. ऐकणारा, टंकणारा, तपास अधिकारी, त्याचे वरिष्ठ, सरकारी वकील, पाच आरोपी, त्यांचे वकील, वकिलांचे ज्युनियर, न्यायालयाचे कारकून, झेरॉक्सवाला. अठरापर्यंत आलो तेव्हा तिने हात वर करून थांबवलं.

"आमच्या सासूबाईंना अजून माहीत नाहीये," ती म्हणाली, आणि डब्याची पिशवी माझ्याकडे देऊन खाली उतरून गेली.